धाकट्याची ओवाळणी

निंटेंडो ही जपानी कंपनी सध्या भारतात अधिकृतपणे काहीही विकत नाही, हे मला रायपूरच्या शंकर नगरात, मोबाईलची कव्हरं आणि स्क्रीनगार्ड विकणाऱ्या एका दुकानात कळलं. दुकानदार साधारण माझ्याच वयाचा. मी विचारल्यावर त्याने गल्ल्यातून मान वर केली आणि म्हणाला, "मंगवा दूँगा साहब. बंबई से आएगा. वारंटी दुकान की, कंपनी की नहीं." बंबई म्हणजे लॅमिंग्टन रोड, हे त्याने सांगायची गरज नव्हती. कँटीनच्या यादीत ही वस्तू असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मी आगाऊ रक्कम न देता फक्त भाव विचारला आणि घरी येऊन अभ्यासाला बसलो. स्टाफ कॉलेजनंतर एखाद्या विषयाची इतकी टिपणं मी काढली नसतील.

हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. कुटुंब पुण्यात आहे. थोरली यंदा दहावीला. तिने आजवर सहा शाळा बदलल्या, सातवी नको असं आम्ही ठरवलं आणि मी शंकर नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा राहायला आलो. वाचकांपैकी अर्ध्याअधिक लोकांनी हे दिवस काढलेत, म्हणून पाल्हाळ लावत नाही. सप्टेंबरात दहा वर्षांच्या धाकट्याचा फोन आला. "बाबा, या भाऊबीजेला ताईला ओवाळणी मी देणार. माझ्याकडे साडेचारशे आहेत. बाकीचे तू घाल." काय द्यायचंय, असं विचारल्यावर थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "असं काहीतरी, जे ती माझ्याबरोबर खेळेल. ती आता खोलीचं दार लावून घेते."

एवढ्या स्पष्ट शब्दांत उद्दिष्ट सांगणारा वरिष्ठ मला नोकरीत क्वचितच भेटला. त्यामुळे पुढची सगळी निवड मी त्या एका वाक्यावर घासून पाहिली.

फोनवर फुकट गेम्स आहेतच की, असं कुणीही म्हणेल. पण फोन हेच तर लावलेलं दार आहे. शिवाय त्यातल्या जाहिराती, मध्येच पैसे मागणाऱ्या खिडक्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, ती उगाच नाही. आपल्याकडे तर २०२० च्या जुलैमध्येच ८९ अॅप्सची यादी आली होती आणि पब्जी त्यात होता. त्या आठवड्यात युनिटमधल्या तरुण पोरांचे चेहरे मला आठवतात. चार-पाच हजारांत "हजारो गेम्स" भरून येणारी चिनी खेळणीही पाहिली. त्यातले बहुतेक गेम्स विनापरवाना उतरवलेले असतात. पोराच्या हातून बहिणीला चोरीचा माल द्यायचा नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला.

हातात धरून खेळायच्या यंत्रांशी माझी पहिली ओळख ब्रिक गेमची. नव्वदीतल्या जत्रेत, रेल्वे स्टेशनबाहेर, रुमालावर मांडून विकायचे तो. "९९९९ इन १" असं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात त्याच त्या पडणाऱ्या विटा. २००४ च्या हिवाळ्यात उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर आमच्याकडे असा एक होता, साताऱ्याकडच्या एका लान्स नायकाचा. बर्फाने रस्ता बंद झाला की पेन्सिल सेलांचं रेशनिंग सुरू व्हायचं. आधी टॉर्च, मग बातम्यांसाठी ट्रान्झिस्टर, उरले तर ब्रिक गेम. बंकरच्या फळीवर कोळशाने प्रत्येकाचा आकडा लिहिलेला असे. गस्तीवरून आलेला माणूस बूट काढायच्या आधी फळी बघायचा.

त्या विटांचा मूळ खेळ म्हणजे टेट्रिस. तो १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तयार केला आणि जगभर पोहोचला तो १९८९ च्या निंटेंडो गेम बॉयमधून. गेम बॉयचा पडदा हिरवट-करडा, रंग नाहीत, मागून उजेडही नाही. गुनपेई योकोई यांच्या चमूने मुद्दाम जुनं, स्वस्त आणि पारखलेलं तंत्र वापरलं होतं. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर आणला. रंगीत, उजळ पडदा, पण सहा सेल लागायचे आणि तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त पुरत. बाजार कुणी मारला, ते सांगायला नको. आखाती युद्धात अमेरिकी सैनिकाचा एक गेम बॉय बराकीवर बॉम्ब पडून जळाला. त्याचं वरचं प्लास्टिक वितळून गेलं, तरी तो चालू झाला. निंटेंडोने पुढे कित्येक वर्षं तो न्यूयॉर्कच्या दुकानात काचेखाली ठेवला होता, टेट्रिस चालू ठेवून. फौजी माणसाला यंत्राबद्दल याहून जास्त शिफारस लागत नाही.

म्हणून माझ्या टिपणांत पहिला रकाना बॅटरीचा होता. निंटेंडोचं सगळ्यात नवं यंत्र, ५ जून २०२५ ला आलेलं स्विच २, या रकान्यात सगळ्यात मागे आहे. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे दोन ते साडेसहा तास. पडदा ७.९ इंची, झकास, पण वजन अर्ध्या किलोच्या वर, आणि बाजारात आलं तेव्हा, २०२५ मध्ये, अमेरिकेतली किंमतच ४५० डॉलर होती. त्यात एक मेख आहे. जपानमध्ये त्याची एक स्वस्त आवृत्ती विकली जाते, ती फक्त जपानी भाषेत चालते आणि जपानी खातंच घेते. आपल्याकडे माल मागच्या दाराने येत असल्यामुळे खोक्यावर नेमकं काय छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. भाव जरा जास्तच चांगला वाटला, तर दोनदा वाचा.

आसुसचं आरओजी अॅलाय भारतात २०२३ च्या जुलैपासून रीतसर मिळतं. वॉरंटी आहे, दुकानं आहेत. किंमत सुरुवातीला सत्तर हजारांना दहा रुपये कमी होती. माझ्या एका कोर्समेटकडे ते आहे आणि तो सुखी आहे. पण तो हातात धरायचा विंडोजचा संगणकच. अपडेट येत राहतात आणि मुळात तो एकट्याचा खेळ. धाकट्याच्या वाक्यावर नापास.

स्विच लाइट सगळ्यात हलकं, २७५ ग्रॅम, सगळ्यात स्वस्त आणि मुलांच्या हाताच्या मापाचं. दुकानदाराने तेच सुचवलं होतं. पण लाइटची बटणं अंगातच बसवलेली असतात, सुटी होत नाहीत, आणि ते टीव्हीला जोडता येत नाही. म्हणजे ज्याच्या हातात, त्याचंच. दोन पोरं, एक यंत्र, "आता माझी पाळी". हे भांडण लावण्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

राहिलं २०२१ चं स्विच ओलेड. सात इंची पडदा, साडेचार ते नऊ तास बॅटरी, मागे रुंद टेकू. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सरकवून काढले की एकाच यंत्राचे दोन खेळाडू होतात. एक ताईच्या हातात, एक धाकट्याच्या, पडदा मध्ये टेबलावर. रेल्वेच्या डब्यातही जमतं. या कंट्रोलरची कांडी आपोआप सरकत राहते, ही तक्रार जगभर गाजलेली आहे, अमेरिकेत त्यावर खटलेही झाले. वॉरंटी नसलेल्या देशात याचा विचार करायला हवा. मी रायपूर आणि पुणे दोन्हीकडे दुरुस्ती करणारे शोधून ठेवले आणि मग ओलेडवर शिक्का मारला.

यंत्र ठरवायला पाच दिवस लागले. गेम्स ठरवायला पंधरा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, विशेषतः ज्यांची पोस्टिंग नेटवर्क नसलेल्या ठिकाणी आहे त्यांच्यासाठी. गेम शक्यतो कार्ट्रिजवर घ्या. खाचेत घातलं की चालतं, इंटरनेट लागत नाही, कंटाळा आला की विकता येतं, दुसऱ्याला देता येतं. बदली झाली की काळ्या ट्रंकेत मोज्यांच्या घडीत राहतं. मात्र स्विच २ च्या काही गेम्सच्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते आणि सगळा माल नेटवरून उतरवावा लागतो. तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. सियाचिनच्या बेसवर भाच्याला असलं कार्ड पाठवाल, तर तो फक्त खोकं बघत बसेल.

पहिली निवड सोपी होती, मारिओ कार्ट ८ डिलक्स. गाड्यांची शर्यत, एका पडद्यावर चार जणांपर्यंत. यात गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी मदत चालू करता येते, आणि ती प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी. धाकटा ती चालू ठेवेल, ताई बंद ठेवेल, आजी बसली तरी शर्यत पुरी करेल. दुसरी ओव्हरकुक्ड २. दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं. एकाने भाजी चिरायची, दुसऱ्याने भांडी घासायची, ऑर्डरी वाढत जातात, कढई पेटते. आरडाओरडा केल्याशिवाय हा खेळ जमतच नाही. दार लावून घेणाऱ्या पोरीसाठी मला आरडाओरडाच हवा होता. ज्यांनी कधी मेसमध्ये बडाखान्याची तयारी पाहिली आहे, त्यांना नवीन काही वाटणार नाही.

अॅनिमल क्रॉसिंग मला स्वतःला फार आवडला. एक बेट, त्यावर झाडं, घर, मासेमारी, आणि बाहेरच्या घड्याळाप्रमाणे तिथेही सकाळ-संध्याकाळ होते. पण एका यंत्रावर एकच बेट, आणि पहिला येईल तोच त्याचा मुख्य. दोन भावंडांत जमिनीचा वाद मी विकत आणणार नव्हतो. गावाकडे एक चालू आहे, तेवढा पुरे.

तिसरा गेम शोधता शोधता सापडला. 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. १८ ऑगस्ट २०२० ला तो सगळ्यात आधी स्विचवरच आला आणि त्या वर्षी द गेम अॅवॉर्ड्समध्ये पहिल्याच कृतीसाठीच्या नामांकनात पोहोचला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही या लोकांनी तो पुरा केला. गोष्ट अशी की असुर हल्ला करतात, धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात, आणि राजी नावाची डोंबाऱ्याची मुलगी त्याला शोधायला निघते. राजस्थानी किल्ले, कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. सहा-सात तासांत संपतो. हा एकटीने खेळायचा, त्यामुळे खरं तर माझ्या कसोटीवर बसत नाही. धाकट्याला फोनवर गोष्ट सांगितली, तर तो लगेच म्हणाला, "हा तिला एकटीला राहू दे. मी शेजारी बसून बघेन." भारतासाठी निंटेंडोचं ऑनलाइन दुकान नाही, म्हणून अमेरिकेतल्या चुलतभावाकडून तिकडचं प्रीपेड कार्ड मागवलं आणि त्यावर तो घेतला.

बायकोचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "अरे, दहावी आहे तिची, भान आहे का?" वाटाघाटी दोन आठवडे चालल्या. शेवटी मसुदा असा झाला की चार्जर तिच्या कपाटात राहील. साडेचार तासांची बॅटरी आणि कपाटाची किल्ली, एवढं नियंत्रण पुरे.

खरा प्रश्न नंतर आला. निंटेंडोचं पालकांसाठी एक अॅप आहे. ते फोनवर घेतलं की कुठला गेम किती मिनिटं चालला ते दिसतं, वेळेची मर्यादा घालता येते, लांबून बदलताही येते. म्हणजे शंकर नगरात रात्री नऊ वाजता चहाचा कप घेऊन मला कळेल की पुण्यात आज पंचवीस मिनिटं ओव्हरकुक्ड चाललं. संध्याकाळचा सिटरेपच. मला मोह झाला, लपवत नाही. एकट्या खोलीत माणसाला घरातली असली बारीक हालचाल फार मोलाची वाटते. पंचवीस मिनिटं म्हणजे दार उघडं होतं, एवढं तरी समजेल. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यापेक्षा फोन कर आणि विचार. ती सांगेल किंवा नाही सांगणार."

अॅप तिच्या फोनवर आहे.

या आठवड्यात शंकर नगरातल्या गल्ल्यांतून सुआ नाचणाऱ्या मुली फिरताहेत. टोपलीत मातीचा पोपट, भोवती फेर, टाळ्यांचा ठेका. परवा दारात आलेल्यांत एक लहानगा पोरगाही होता, बहिणीच्या ओढणीचं टोक धरून. तो नाचत नव्हता, पैसे गोळा करायचं काम त्याचं होतं आणि हिशेब चोख होता.

धाकट्याने साडेचारशे रुपये आईकडे मोजून दिले. त्यात कार्ट्रिज ठेवायची एक छोटी डबी आली, निळी, कारण ताईला निळा आवडतो. वीस रुपये उरले, तेही त्याने परत मागून घेतले. यंत्र बघून, खोक्यावरची भाषा वाचून, पेटीत भरलंय. रजा मंजूर आहे. आझाद हिंदचं तिकीट अजून वेटिंगवर आहे.