एका पेनीचं थिएटर

लंडनला कधी गेलात, तर कॉव्हेंट गार्डनच्या मंडईत जरूर डोकवा. इथला भाजीबाजार १९७४ सालीच दुसरीकडे हलला. आता आहेत दुकानं, कॉफीची टेबलं आणि चौकात कसरती करणारे कलाकार. त्या गर्दीतून वाट काढत एक अरुंद जिना चढलात, की बेंजामिन पोलॉक यांच्या नावाचं खेळण्यांचं दुकान लागतं. इथे चक्क थिएटर विकत मिळतं! टेबलावर मावेल एवढं, कागदाचं.

ही गंमत दोनशे वर्षांपूर्वीची. १८११च्या सुमारास लंडनचे छपाईवाले गाजलेल्या नाटकांतली पात्रं आणि पडदे कागदावर छापून विकू लागले. (पोलॉक हे त्या धंद्यातले अगदी शेवटचे, १९३७ साली ते वारले.) साधा कागद एक पेनी, रंगवलेला दोन पेन्स. घरी आणून तो रंगवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा. मग पात्र पत्र्याच्या पट्टीत उभं करून लांब तारेनं विंगेतून आत सरकवायचं. आणि संवाद? नायक, नायिका, चोर, सगळ्यांचे आपणच म्हणायचे, निरनिराळे आवाज काढून! प्रेक्षक म्हणजे आई-बाबा, भावंडं आणि शेजारची दोस्तमंडळी.

सगळ्यांचं लाडकं नाटक होतं ‘द मिलर अँड हिज मेन’. त्यातला गिरणीवाला वरून सज्जन, आतून दरोडेखोरांचा म्होरक्या. शेवटी अख्खी गिरणी स्फोटात उडते. मुलं त्यासाठी शोभेची लाल दारू खरोखर पेटवत. कागदाच्या थिएटरात! तुम्ही मात्र टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा हं.

‘ट्रेझर आयलंड’वाले स्टीव्हन्सन लहानपणी एडिंबरोत या कागदांवर जीव टाकत. १८८४ साली त्यांनी यावर लेखच लिहिला. त्यांचं म्हणणं, खरी मजा रंगवण्यात. चित्रं कापणं म्हणजे पाप आणि प्रयोग म्हणजे नुसता कंटाळा. मला नाही बुवा पटत. तार अडकते, म्होरक्या तोंडावर आपटतो, प्रेक्षक खो खो हसतात, ते रंगवताना कुठून मिळणार?

आणि आता खरी गंमत. हे नाटक पहिल्यांदा झालं १८१३ साली, याच मंडईशेजारच्या मोठ्या थिएटरात. ते थिएटर १८५६ साली आगीत भस्मसात झालं. त्या जागी आज ऑपेरा हाऊस आहे. नाटक झालं तेव्हा कॅमेरे नव्हते. पण नट कसा उभा राहिला, पोशाख कसा होता, मागच्या पडद्यावर काय होतं, हे छपाईवाल्यांनी चितारून ठेवलं. म्हणून जळालेल्या थिएटरातली ती गिरणी कागदावर शिल्लक आहे. कात्री आणि डिंक असला, की कुठलंही पोर तिला जेवणाच्या टेबलावर पुन्हा उडवू शकतं!