जोड मातीच्या वर

मोसंबीचा डोळा भरताना आमच्याकडे आधी खुंटाला वीत लावून पाहतात. जमिनीपासून वीतभर, म्हणजे 22-25 सेंटिमीटर वर, त्याखाली नाही. कारण परभणीची काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पाणी धरून बसते. जोड खाली राहिला की ओल मोसंबीच्या खोडाला लागते आणि डिंक्या रोग शिरतो. रंगपूर लिंबाचा खुंट थोडंफार सोसतो, मोसंबी सोसत नाही. एवढं करून रोप दिलं, तर घेणारा ते घट्ट बसावं म्हणून जोडापर्यंत माती ओढतो! एका फावड्यात सगळी मेहनत मातीत.

पिशवीतही ही नुसती काळी माती चालत नाही. वाळली की तडकते, मुळं तोडते. म्हणून नदीकाठचा पोयटा, मुरलेलं शेणखत, थोडी वाळू.

जुन्या माळ्यांना पिशवी लागतच नव्हती. विहिरीवरचा मळा, मोटेचं पाणी आणि कोपऱ्यात वांगी-मिरचीचा गादीवाफा. उरलेली रोपं शेजाऱ्याला. निजामाच्या अमदानीत, 1918 मध्ये, परभणीला शेतीचं प्रयोगक्षेत्र निघालं आणि 1972 मध्ये कृषी विद्यापीठ झालं. पण मळ्यात विद्यापीठ खरं पोचलं ते भेंडीतून. केवडा रोग आला की पानं पिवळी पडायची, प्लॉटच हातचा जायचा. पुसा सावनीचा रानभेंडीशी संकर करून इथे 'परभणी क्रांती' काढली, ती 1985 मध्ये प्रसारित झाली. सरळ वाण असल्यामुळे बी घरीच धरता येई. पुढे तिचीही केवड्याशी झुंज ढिली पडली, संकरित बियाण्यांच्या पुड्या आल्या आणि माळ्याच्या गाडग्यातलं बी संपलं. मला हा तोटा उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

नर्सरीचा खरा धंदा झाला 1990 नंतर, रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा. कलमांना मागणी आली, तशी मिळेल त्या झाडाची डोळकाडी भरणारेही आले. फळरोपवाटिकांचा कायदा 1969 पासून आहे, परवानाही लागतो. पण मोसंबी फळावर यायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर खोटं कलमही खऱ्यासारखंच हिरवंगार दिसतं.

तेव्हा कलम घ्यायला जाल तर परवान्यासोबत मातृवृक्षही दाखवा म्हणा. तो दाखवायला जो का-कू करील, त्याचं रोप फुकटही घेऊ नका. आणि लावताना, कृपा करून, जोड मातीच्या वर ठेवा.