आवळ, पण पिळू नकोस

सीमाभागातील मराठीचा विचार आपण बहुधा तीन ठिकाणी करतो: फलक, शाळा आणि सरकारी कागद. तो केलाच पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुना बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा मुलूख म्हैसूर राज्यात आला. 865 गावांचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढा चालूच राहील. परंतु भाषेला आणखी एक घर असते, आणि ते कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. ते म्हणजे हाताने करायचे काम.

खटकचिंचोळीत आमच्या अंगणात गेल्या उन्हाळ्यात जुन्या प्रीमियर पद्मिनीचा पाण्याचा पंप बदलला, तेव्हा हे विशेष जाणवले. ही मोटार मूळ इटलीच्या फियाट 1100 ची. बांधली कुर्ल्यात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. तिचे यंत्र सोपे आहे. पट्ट्यावर फिरणारा पंप रेडिएटरमधले थंड पाणी इंजिनभोवती खेळवतो आणि तापलेले पाणी पुन्हा रेडिएटरकडे धाडतो. पंप थकला की पाणी फिरत नाही, इंजिन तापते आणि वेळीच थांबले नाही तर हेड वाकते.

सोबतीला कन्नड माध्यमात शिकलेला सोळा वर्षांचा भाचा होता. गाडीखाली वाकून तो म्हणाला, “मामा, पाणी गळायलंय.” मी विचारले, “गळायलंय, झिरपायलंय का ठिबकायलंय?” हा शब्दच्छल नव्हता. रबरी नळीच्या तोंडाशी ओल धरली असेल तर पाणी झिरपते. तिथे नळीची पट्टी आवळली तरी बहुधा भागते. नळी फाटली तर पाणी गळते. पण पंपाच्या दांड्याखाली मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी त्या छिद्रातून थेंब थेंब ठिबकू लागते. तेथून ठिबकले म्हणजे पंपाचे आयुष्य संपत आले. तीन क्रियापदे, तीन वेगळी दुखणी. त्याने पुन्हा पाहिले आणि सांगितले, “ठिबकायलंय.” निदान झाले.

मग इंजिन पूर्ण निवू दिले, कारण तापल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उसळते. पाणी घमेल्यात काढून झाकून ठेवले. त्यातले कूलंट चवीला गोड असते आणि विषारीही, शेळ्याकुत्र्यांनी तोंड घातले तर जीव जातो. पट्टा उतरवला, पंखा काढला, बोल्ट सोडवले. जुने पॅकिंग धातूला चिकटून बसले होते. ते खरवडायचे, पण धातू ओरबाडायचा नाही. नवे पॅकिंग बसवून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेलो. तेथे मी त्याला म्हटले, “आवळ, पण पिळू नकोस.” एवढ्याने त्याचा हात थांबला. किती जोर लावायचा, हे त्या दोन क्रियापदांमधल्या अंतराने सांगितले.

या साऱ्या कामात नामे कोठली होती? पंप, बोल्ट, रेडिएटर, पॅकिंग, वायसर ही इंग्रजीची. किल्ल्यांच्या जुडग्यातली चावी पोर्तुगिजांची. कामानंतरच्या भाकरीवरचे तूपही कन्नडच्या ‘तुप्पा’चे सख्खे. या नामांनी मराठीचे काही बिघडले नाही; शेजारधर्माने आलेला शब्द घरचा होतो. मोट गेली तेव्हा नाडा, सोल, थारोळे हे शब्दही विहिरीत बुडाले. वस्तूच गेली, तर नाम राहणार कसे? पण शेंदणे, उपसणे, निथळणे ही क्रियापदे उरली, कारण पाण्याचे काम उरले.

भीती वेगळीच आहे. भाच्याला गळणे ठाऊक होते. झिरपणे आणि ठिबकणे ऐकून माहीत होते, वापरात नव्हते. काम शिकवणारा मराठीत बोलला नाही तर पुढच्या पिढीला सगळेच पाणी ‘लीक’ होते. मग नामे उसनी आणि क्रियापदेही उसनी. उरते ते ‘आहे’ आणि ‘करणे’. असली भाषा घोषणेपुरती पुरते, बोल्ट आवळायला पुरत नाही. जिच्यात नेमके सांगता येत नाही ती भाषा मुले कामाच्या जागी सोडून देतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून सीमाबांधवांना एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कोणत्याही माध्यमात शिको. कन्नड उत्तम यावी, ती आपल्या राज्याची आणि शेजाऱ्याची भाषा आहे. पण घरातले एक काम त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत शिकवावे. गाडीचा पंप असो, तुरीची पेरणी असो की गोधडीची शिवण. नामे जशी येतील तशी येऊ द्यावीत. क्रियापदे मात्र आपली, नेमकी आणि न गाळता वापरावीत. यासाठी न्यायालयाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.