जिल्ह्याचे सरकार कोठे बसते?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांना काउंटी ठाऊक असते. घराच्या किमतीवरचा कर दरवर्षी भरावा लागतो, त्यातील किती शाळेला आणि किती रस्त्याला हे बहुधा बिलावरच छापलेले असते, आणि तो खर्च करणारे मंडळ मतदार स्वतः निवडतात. नेमणुका, कंत्राटे, रस्ते आणि अंदाजपत्रक यांविषयी जाब विचारायचा झाला तर दार कोणते ठोठवावे, हे त्यामुळे निदान कळते. आपल्याकडे जिल्ह्याची लोकसंख्या पुष्कळदा काउंटीच्या कित्येक पट असते. दारेही तितकीच जास्त असतात.

रायपूरला आल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. येथे घडी चौकाजवळ जिल्हाधिकारी कार्यालय आहे आणि सामान्य माणसाच्या लेखी जिल्ह्याचे सरकार म्हणजे तेच. निवडून आलेली जिल्हा पंचायत निराळी. तिला अध्यक्ष आहे, स्थायी समित्या आहेत, मुख्य कार्यपालन अधिकारी आहे. तिच्याखाली धरसिंवा, आरंग, अभनपूर आणि तिल्दा अशा चार जनपद पंचायती. कागदावर ही रचना महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेसारखीच दिसते. फरक हळूहळू, फायली वाचता वाचता, लक्षात येतो.

'जिल्हा सरकार' हा शब्दप्रयोग मी केलेला नाही. छत्तीसगड मध्य प्रदेशात असताना, दिग्विजय सिंह मुख्यमंत्री असताना, १ एप्रिल १९९९ पासून त्या राज्यात खरोखरच या नावाची व्यवस्था लागू झाली. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती अपेक्षिली होती आणि तिचे किमान चारपंचमांश सदस्य जिल्हा पंचायतीच्या व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडावेत असे म्हटले होते. बहुतेक राज्यांत ही समिती योजनांच्या याद्या मंजूर करण्यापलीकडे गेली नाही. मध्य प्रदेशाने तिला शासनाचे अधिकार दिले. भोपाळला होणाऱ्या कित्येक मंजुऱ्या, जिल्ह्यातल्या जिल्ह्यातील बदल्या, विकासकामांचे निर्णय हे सारे तिच्याकडे आले. रायपूरच्या वाट्याला ही व्यवस्था मध्य प्रदेशाच्या अमलाखाली एकोणीस महिने आली. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्यच वेगळे झाले.

कल्पना चांगली होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रायपूरहून भोपाळला जाऊन एका शिपायाच्या बदलीसाठी तिष्ठत बसण्यात कोणाचेच हित नव्हते. परंतु समितीच्या अध्यक्षस्थानी जिल्ह्याचे प्रभारी मंत्री होते आणि सचिव जिल्हाधिकारी. म्हणजे अधिकार भोपाळहून निघाला, तो मंत्र्यांच्याच गाडीत बसून जिल्ह्यात आला आणि बैठक संपल्यावर त्याच गाडीतून परत गेला. निर्वाचित सदस्य बहुसंख्य होते, पण बैठक बोलावणे, विषयपत्रिका ठरवणे आणि इतिवृत्त लिहिणे ज्यांच्या हाती, त्यांचीच समिती असते, हे शासकीय नोकरीत काही वर्षे काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. 'जिल्हा सरकार' हे नाव आता इतिहासजमा झाले. सवय मात्र टिकली. छत्तीसगडच्या २०२५ च्या बदली धोरणातही जिल्ह्यातील तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या बदल्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रभारी मंत्र्यांच्या अनुमोदनाने करावयाच्या होत्या. जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षांना त्या साखळीत जागा नव्हती.

येथे थोडे मागे जावे लागेल, कारण रायपूर आणि नागपूर ही फार काळ एकाच प्रांताची शहरे होती. १९५६ पर्यंत दोघांची राजधानी नागपूर. त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ साली जनपद योजना आली. जिल्हा बाजूला ठेवून तहसील हा स्थानिक कारभाराचा घटक धरला गेला आणि शाळा, दवाखाने, गावरस्ते जनपद सभांकडे सोपवले गेले. पुढे महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि विदर्भातून जनपद हा शब्द पुसला गेला. छत्तीसगडात तो जनपद पंचायतीच्या रूपाने राहिला. महाराष्ट्रात जिला आपण पंचायत समिती म्हणतो, ती ही.

माझे वडील भंडारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. १९५८ साली नोकरीला लागले. त्यांच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जनपद सभेचा शिक्का आहे, काही पानांनंतर जिल्हा परिषदेचा. मधल्या पानावर निळ्या शाईत एक ओळ आहे, सेवा सलग धरण्यात यावी अशा अर्थाची. कोणा लिपिकाने लिहिलेली ती ओळ. मालक बदलला, पण नोकरी तुटली नाही. आईला आजही त्या सलग सेवेवरचे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते.

त्या एका ओळीचे मोल मला रायपूरमध्ये कळले. १९९०च्या दशकात मध्य प्रदेशाने नियमित शिक्षकांची भरती जवळजवळ थांबवून शिक्षाकर्मी नेमण्यास सुरुवात केली. वर्ग एक आणि दोनचे शिक्षाकर्मी जिल्हा पंचायतीने नेमावयाचे, वर्ग तीनचे जनपद पंचायतीने. विकेंद्रीकरणाच्या भाषेत याचे वर्णन फार सुंदर करता येते: गावाच्या शाळेचा शिक्षक गावाजवळच्या संस्थेने निवडला. अर्थशास्त्राच्या भाषेत पाहिले तर चित्र निराळे दिसते. नेमणारी संस्था एक, पैसा देणारी दुसरी. जनपद पंचायतीजवळ पगार देण्याइतके स्वतःचे उत्पन्न कधीच नव्हते. राज्याकडून अनुदान आले की पगार होई. राज्याला मात्र हे सोयीचे होते, कारण हे शिक्षक 'शासकीय कर्मचारी' नव्हते. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकाच्या काही अंश वेतनावर ते काम करीत. विकेंद्रीकरण झाले ते वेतनखर्चाच्या जबाबदारीचे, असे म्हणणे थोडे कडवट वाटेल. पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका १९९८ साली वर्ग तीनच्या शिक्षाकर्मी झाल्या. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशावर सही जनपद पंचायतीच्या मुख्य कार्यपालन अधिकाऱ्यांची. पगार दोन-दोन, तीन-तीन महिने रखडला की त्या शाळेत विचारीत. शाळा जनपदाकडे बोट दाखवी, जनपद जिल्ह्याकडे, जिल्हा राज्याकडे. त्या म्हणाल्या, "मला नेमणारे सगळे होते, पोसणारे कोणी नव्हते." नोव्हेंबर २०१७ मध्ये छत्तीसगडभर शिक्षाकर्मींचा मोठा संप झाला. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून आठ वर्षे सेवा झालेल्या एक लाखाहून अधिक शिक्षकांचे शालेय शिक्षण विभागात संविलयन झाले, आणि उरलेल्यांपैकी दोन वर्षे सेवा झालेल्यांचे १ नोव्हेंबर २०२० पासून. पंचायतींकडे असलेला नेमणुकीचा सर्वांत मोठा अधिकार असा राज्याकडे परतला, आणि शिक्षकांनी पेढे वाटले. स्थानिक स्वराज्याच्या पुरस्कर्त्यांनी या पेढ्यांचा विचार करावयास हवा. संविलयनापूर्वीची वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरावयाची की नाही, हा वाद मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे चालला. या बाईंच्या सेवापुस्तकात निळ्या शाईची ती ओळ नव्हती.

महाराष्ट्राने यावर मिशा पिळाव्यात असेही नाही. तेथे शिक्षणसेवक नेमले गेलेच, आणि २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांची भरतीही राज्याच्या 'पवित्र' प्रणालीतून होऊ लागली. शिवाय छत्तीसगडात पंचायतींच्या निवडणुका फेब्रुवारी २०२५ मध्ये पार पडल्या, तेव्हा महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा २०२२ पासून प्रशासकांच्याच हाती होत्या. असो.

आता रस्ते. आरंगकडच्या एका गावी मी पावसाळ्यानंतर गेलो होतो. एकाच गावात तीन रस्ते आणि तिघांचे तीन मालक. गावातला सिमेंटचा 'गौरव पथ', राज्याच्या योजनेतला. शेतांकडे जाणारा मुरमाचा रस्ता, २००५च्या रोजगार हमी कायद्याखाली झालेला. आणि गावाला हमरस्त्याशी जोडणारा डांबरी रस्ता, प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, म्हणजे छत्तीसगड राज्याहून ती अवघी आठ आठवड्यांनी लहान. त्या रस्त्यांचे काम जिल्हा पंचायत करीत नाही. राज्यस्तरीय ग्रामीण रस्ते विकास अभिकरण करते. पंचायत विभागाचे इतर बांधकाम ग्रामीण यांत्रिकी सेवा पाहते, आणि तिचे अभियंतेही राज्याचेच. महाराष्ट्रात इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे असतात, तिचा बांधकाम विभाग असतो, सभेत सदस्य कार्यकारी अभियंत्याला उभे करून खड्ड्यांवर बोलतात. त्याने खड्डे बुजतात असा माझा दावा नाही. पण शिव्या योग्य पत्त्यावर पोचतात.

ग्राम सडक योजनेचे कंत्राट हा आपल्या प्रशासनातील एक उत्तम दस्तऐवज आहे, असे माझे मत आहे. रस्ता बांधणाऱ्यानेच पुढील पाच वर्षे त्याची देखभाल करावयाची, ही अट मूळ करारातच असते. त्यामुळे आज खडी वाचवली तर उद्या स्वतःच्याच खिशातून भरावी लागते, हे कंत्राटदाराला निविदा भरतानाच ठाऊक असते. तपासणी तीन पातळ्यांवर: स्थानिक अभियंता, राज्याचे निरीक्षक आणि थेट दिल्लीहून नेमलेले राष्ट्रीय निरीक्षक. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर लांबी, खर्च, कंत्राटदाराचे नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि खाली देखभालीचे पाच वर्षांचे पाच आकडे. दरवर्षी थोडे वाढत जाणारे.

पाचव्या आकड्याखाली फलक संपतो. त्या गावी हा पाचवा आकडा उलटून बरीच वर्षे झाली होती. महानदीच्या वाळूचे डंपर त्या हलक्या रस्त्यावरून रात्रभर जात होते. कडेच्या पट्ट्या खचलेल्या, मोरीचा कठडा गेलेला, डांबराच्या जागी खडीचे दात वर आलेले. शाळेच्या सायकलींवरून येणाऱ्या मुली मोरीपाशी उतरून सायकल हाताने नेत होत्या. सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, रस्ता झाला तेव्हा फीत कापायला पाच जण होते. आता एकाचे तरी नाव सांगा."

नाव सांगणे कठीण होते, कारण प्रश्न लेखाशीर्षाचा होता. नवा रस्ता बांधला की तो भांडवली खर्च. त्याला केंद्राचा हिस्सा मिळतो, भूमिपूजन होते. दुरुस्ती ही महसुली खर्चात, ३०५४ या शीर्षाखाली जाते आणि तेथे राज्याला आपल्याच पैशातून तरतूद करावी लागते. राज्याची ओढाताण झाली की सर्वांत आधी हेच शीर्ष कापले जाते. पगार कापता येत नाही आणि खड्डा तक्रार घेऊन न्यायालयात जात नाही. हे दिल्लीला माहीत नाही असे नाही. बाराव्या वित्त आयोगाने रस्ते व पुलांच्या देखभालीसाठी राज्यांना १५,००० कोटी रुपये स्वतंत्रपणे दिले होते, तेराव्याने १९,९३० कोटी. चौदाव्याने अशी वेगळी रक्कम ठेवली नाही. पंधराव्या आयोगाने तर नेमके या फलकाखालच्या मोकळ्या जागेवरच बोट ठेवले आणि ग्राम सडक योजनेतील रस्त्यांच्या देखभालीसाठी २७,५३९ कोटींची शिफारस केली. केंद्राने क्षेत्रनिहाय अनुदानांच्या त्या शिफारशींवर 'योग्य विचार करू' असे उत्तर दिले. मी केंद्र सरकारचा नोकर आहे. 'योग्य विचार' या शब्दांचा अर्थ मला समजतो.

मग जिल्हा पंचायतीच्या हाती काय उरते? तिला स्वतःचा म्हणावा असा कर जवळजवळ नाही. चौदाव्या आयोगाने आपले अनुदान फक्त ग्रामपंचायतींना दिले; जिल्हा आणि जनपद पाच वर्षे त्यातून वगळलेली राहिली. पंधराव्याने त्यांना पुन्हा पंक्तीत बसवले, पण जिल्ह्याचा वाटा ५ ते १५ टक्क्यांच्या मर्यादेत, आणि २०२१ ते २०२६ या काळात एकूण अनुदानाचा ६० टक्के भाग पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी राखीव. उरलेल्या रकमेतून सदस्यांना आपापल्या क्षेत्रात दोन-चार रंगमंच, एखादा सिमेंटचा तुकडा, एखादी गटार एवढेच देता येते. म्हणूनच सभेतल्या कामांच्या याद्या अशा चिल्लर दिसतात. लोक त्याला सदस्यांची कोती दृष्टी म्हणतात. मला ती रकमेची लांबी-रुंदी वाटते. चाळीस लाखांचा रस्ता ज्याच्या अधिकारात नाही, तो चार लाखांची गटारच मागणार.

सरपंचबाईंना मी एवढेच सांगू शकलो की अर्ज करताना 'नवीन रस्ता' असा शब्द घालू नका, 'नूतनीकरण' लिहा, मूळ फलकावरचे कामाचे नाव आणि पूर्णत्वाची तारीख जशीच्या तशी उतरवा, आणि डंपरांच्या फेऱ्यांची आठवड्याची नोंद कोटवाराकडून करून सोबत जोडा. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मग विचारले, अर्ज कोणाच्या नावे? अभिकरणाच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि जिल्हा पंचायतीच्या, अशा तीन प्रती करण्याचे ठरले. वाळू खनिज विभागाकडे येते, तेव्हा चौथीही काढावी लागेल, हे त्यांच्या सचिवाच्या लक्षात आले.