पाणी कुठं घालायचं?

गाडी घेतली त्या संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. विट्यात सकाळ होती, ते अंगणात चहा पीत बसले होते. मी फोन हातात धरून गाडीभोवती फिरलो. पुढचं झाकण उघडलं, तर आत स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी.

"इंजिन कुठं हाय?"

मागं जाऊन मागचं झाकण उघडलं. त्यांनी चष्मा लावला. "आणि पाणी कुठं घालायचं?"

"पाणी लागतच नाही, अण्णा. हवेवर थंड होतं. आपल्या चेतकसारखं."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं असंल तर पट्ट्यावर ध्यान ठेव." आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला. आईनं विचारलं, "जुनी का घेतलीस रे, पगार कमी केलाय का?"

अण्णा एकतीस वर्षं एसटीत कारागीर होते. संध्याकाळी घरी आले की आधी नळाखाली साबण आणि बारीक वाळूनं हात घासायचे. तरी नखांच्या कडा काळ्याच. त्यांची एकच अट होती, पोराच्या हाताला काळं लागता कामा नये. मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा ते दोन दिवस नीट बोलले नव्हते. त्यांना वाटलं होतं तसं काही झालं नाही म्हणा. चार वर्षांत माझ्या हाताला काळं लागलं ते पहिल्या वर्षी वर्कशॉपला, एम.एस.च्या प्लेटला कानस मारून काटकोन काढताना. बाकी सगळं थर्मोडायनॅमिक्स वहीत. शेवटच्या वर्षी कॅम्पसला आयटी कंपनी आली आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांसारखा मीही सॉफ्टवेअरवाला झालो. पुण्यात तीन वर्षं, मग मास्टर्स, मग सॅन होजे. मी लिहिलेल्या कोडपैकी दोन वर्षांपूर्वीचं आज काय काय चालू आहे, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. गाडी घेण्यामागे हे एक कारण असावं. दुसरं कारण म्हणजे ती दिसायला छान होती.

१९७१ची फोक्सवॅगन सुपर बीटल, १६०० सीसी. आडवे चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. ही गाडी जर्मनीत जन्मली आणि तिचा जन्म काही चांगल्या घरात झाला नाही. हिटलरच्या राजवटीत फर्डिनांड पोर्शनं तिचा आराखडा केला. पुढं मात्र ती कुणाकुणाची झाली. फेब्रुवारी १९७२मध्ये तिनं फोर्डच्या मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मोडला, आणि शेवटची बीटल बाहेर पडली ती ३० जुलै २००३ला, मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून. तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बनल्या होत्या.

मेक्सिकोत तिला 'बोचो' म्हणतात. हे मला कळलं शेजारच्या आजोबांमुळे. त्यांनी तरुणपणी मेक्सिको सिटीत बोचोचीच टॅक्सी चालवली होती. तिथल्या टॅक्सीत ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकायचे, म्हणजे मागं बसणाऱ्यांना चढायला सोपं. गाडी माझ्या दारात उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरचे कपडे घालून, स्वतःचं फीलर गेज खिशात घेऊन हजर. माझं स्पॅनिश यथातथा, त्यांचं इंग्रजी तसंच. टॅपेट कसं लावायचं ते त्यांनी दाखवलं. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, झाकणाची तार खाली दाबून काढायची, पत्ती ०.१५ मिलिमीटरची. पत्ती सरकताना किंचित अडली पाहिजे, पण ओढावी लागता कामा नये. हे 'किंचित' बोटाला कळायला मला चार रविवार लागले. वहीत ते कधी आलं नव्हतं.

तिसऱ्या सिलिंडरपाशी आले की ते थांबायचे आणि मान हलवायचे. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतच उभा असे. म्हणून तो सिलिंडर कायम बाकीच्यांपेक्षा तापायचा. १९७१ला कूलर मागं सरकवून त्याला हवेची वेगळी वाट दिली, त्यामुळं माझ्या गाडीत तो दोष बराच कमी होता. आजोबांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी तिसरा तो तिसराच.

वर्षभर गाडी चालवली. मजा यायची. थांबलेल्या सिग्नलला मागून तो शिलाई मशीनसारखा टकटक आवाज, जुन्या सीटचा वास, हिवाळ्यात काचेवरची वाफ पुसायला हातात फडकं. हायवेला चढ आला की उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागं.

जुलैतला शनिवार. सॅन होजेहून दक्षिणेला गिलरॉय, तिथून लसणाच्या वासातून १५२ नंबरच्या रस्त्यानं पूर्वेकडे पाचेको खिंड. पलीकडं सॅन लुइसचा तलाव, तिथं डबा खायचा आणि परत यायचं, एवढाच बेत. चढ लागला आणि डॅशबोर्डवर जनरेटरचा लाल दिवा लागला.

आता मी काय केलं ते सांगतो. मी हिशेब केला. जनरेटर चार्ज करत नाहीये, म्हणजे गाडी बॅटरीवर चाललीय. दिवसाची वेळ, हेडलाइट बंद, रेडिओ नाही. नुसत्या इग्निशनला किती करंट लागणार? वीस-तीस मैल सहज. घाट उतरून पलीकडं थांबू. मला तो हिशेब जमल्याचं समाधानसुद्धा वाटलं.

बीटलमध्ये क्रँकवरच्या पुलीनं पट्टा फिरतो, पट्ट्यानं जनरेटर फिरतो आणि जनरेटरच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला इंजिन थंड करणारा पंखा बसवलेला असतो. दिवा लागला याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, पट्टा तुटला. पंखा बंद. तापमानाचा काटा या गाडीला नसतोच. तो लाल दिवा हाच काटा. हे मला माहीत होतं. आकृतीसकट माहीत होतं, मित्रांना समजावून सांगितलं होतं. आणि पुढच्या डिकीत नवा पट्टा आणि पाना ठेवलेला होता. दहा मिनिटांचं काम.

मी तीन-चार मैल चढ चढलो. मग जळकट वास, मग ताकद गेली, मग मागून कुणीतरी हातोडी मारल्यासारखा एक आवाज आणि गाडी आपोआप कडेला.

टो ट्रक येईपर्यंत दीड तास वाळक्या गवताच्या उतारावर बसलो होतो. इंजिन उतरवलं, हेड काढलं. तिसरा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलं होतं, पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. आजोबांनी वाकून पाहिलं, तीन बोटं दाखवली आणि घरी गेले.

अण्णांना आठ दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "दिवा लागल्यावर किती चाललास?" मी म्हटलं, एखादा मैल.

आता पुढं काय, यावर दोन पक्ष पडले. आजोबांचा पक्ष: हेच इंजिन पुन्हा बांधायचं. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, तापून वाकली असली तर बेअरिंगची घरं पुन्हा एका रेषेत कापून घ्यायची, नवे सिलिंडर-पिस्टन, नवी हेड्स. दुसरा पक्ष माझा होता. नव्वदीतल्या सुबारूचं ईजे२२ इंजिन टाकायचं. तेही आडव्या चार सिलिंडरचंच, फिरतंही त्याच दिशेनं, त्यामुळं मधे अॅडॉप्टर प्लेट घातली की बीटलच्या गिअरबॉक्सला बसतं. २.२ लिटर, जुन्याच्या दुपटीहून जास्त ताकद. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे, त्यामुळं कागदोपत्रीही अडचण कमी. फक्त ते इंजिन पाण्यावर थंड होतं.

"मग बोचो कशाला? सुबारूच घे," आजोबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण दोन महिने ते आले नाहीत.

अण्णांना मला वाटलं वाईट वाटेल. ते हसायलाच लागले. "इंजिन म्हणजे काय गणपतीची मूर्ती हाय का? डेपोत एका गाडीचं काढून दुसरीला घालायचो. सकाळी सहाची गाडी सुटली पायजे, बास." जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये मूळ इंजिन या विषयावर माणसं तासन्‌तास वाद घालतात, भावाभावांत अबोला व्हावा असे. एकतीस वर्षं इंजिनं उतरवलेल्या माणसाला त्यात काही दिसत नव्हतं.

मी लोकांना सांगायचो की हायवेला ओढ हवी म्हणून बदलतोय. ते खोटं नव्हतं. पण सुबारूच्या इंजिनाबरोबर तापमानाचा काटा येणार होता, कॉम्प्युटर येणार होता, काही चुकलं तर खूण देणारा दिवा आणि त्या खुणेचा अर्थ सांगणारा कोड येणार होता. थोडक्यात, माझ्या भाषेत बोलणारं इंजिन. पाचेकोच्या चढावर माझा माझ्यावरचा भरवसा उडाला होता आणि तो मी बाजारातून विकत आणत होतो.

१९९३च्या लेगसीमधून काढलेलं इंजिन आलं, सोबत तिच्या वायरिंगचं भलंमोठं जाळं. एसटीच्या माणसाला यातलं अवघड वाटलं असतं ते मला सोपं गेलं. दिवाणखान्यात चादर अंथरून तीन आठवडे ते जाळं उकलत होतो. एसीच्या वायरी काढ, ऑटोमॅटिक गिअरच्या काढ, क्रूझच्या काढ. प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव. एका ठिकाणी घाई केली. गाडीचा वेग सांगणारी वायर बिनकामाची म्हणून छाटली, मग सिग्नलला वेग कमी करत आलं की इंजिन बंद पडायला लागलं. कॉम्प्युटरला गाडी चाललीय की उभी आहे तेच कळत नव्हतं. कोडमध्ये मागचं पान परत आणता येतं. इथं कचऱ्याच्या पिशवीत हात घालून तांब्याचं टोक शोधावं लागलं.

त्याउलट जे अण्णांना डोळे मिटून जमलं असतं तिथं माझी धुळधाण. इंजिनचा ऑइल सम्प खोल, रस्त्याला घासेल म्हणून कापून उथळ करून घेतला. रेडिएटर पुढं, स्टेपनीच्या जागी. इंजिन मागं. म्हणजे पाण्याला गाडीच्या पोटाखालून पूर्ण लांबी जायचं आणि परत यायचं. एवढ्या लांब नळ्यांत हवा अडकते. काटा मधेच चढतो, मग धपकन उतरतो. गाडीचं नाक जॅकवर उचलून धरायचं, इंजिन चालू ठेवायचं, झाकण उघडून बुडबुडे निघायची वाट बघायची. जी गाडी जन्मभर हवेवर जगली, तिला आता हवेचाच आजार.

चौदा महिने लागले. खर्च किती आला ते घरी सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही.

चालते मात्र झकास. पाचेकोचा तोच चढ डाव्या लेनमधून चढलो, काटा मध्यावर. वर पोचल्यावर थांबलो. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण पेट्रोल पंपावर एखादा म्हातारा ती गाडी बघून हसत जवळ येतो, मी किल्ली फिरवतो, आणि आवाज ऐकून त्याचा चेहरा बदलतो, तेव्हा मला दुसऱ्याच्या घरात राहत असल्यासारखं वाटतं. टॅपेटही लावावं लागत नाही. रविवारी सकाळी हात रिकामे.

अण्णांना व्हिडिओवर दाखवलं. "आता पाणी कुठं घालायचं?" त्यांनी पुन्हा विचारलं. दाखवलं. "बरं केलंस," म्हणाले. आणि मग, "इंजिन बदललंस. ड्रायव्हर त्योच हाय न्हवं?" तेव्हा मी सांगितलं, एक मैल नाही, चार. ते म्हणाले, "माहीत हाय. एका मैलात व्हॉल्व्ह तुटत न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात ते दोघं इकडं आले, तीन महिन्यांसाठी. आईला इथली बाग आवडली. अण्णांना काहीच करायला नव्हतं. चौथ्या दिवशी मी कामावरून आलो तर गॅरेजचं दार उघडं. कोपऱ्यात प्लायवूडवर झाकून ठेवलेल्या जुन्या १६००वरची चादर घडी करून बाजूला. अण्णा पाटावर बसावं तसे उलट्या बादलीवर, आणि समोर शेजारचे आजोबा, हातात फीलर गेज. एकाला मराठी आणि थोडं हिंदी, दुसऱ्याला स्पॅनिश. आजोबा तिसऱ्या सिलिंडरच्या रिकाम्या भोकाकडे बोट दाखवून काहीतरी तावातावानं सांगत होते, अण्णा "व्हय, व्हय" म्हणत होते. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

केसच्या कडेचे छोटे नट त्यांनी सोडवून एका डब्यात ठेवले होते. आतले सहा मोठे राहिले होते. अण्णांचे हात मनगटापर्यंत काळे झालेले. मला तो फोटो हवा होता, मी फोन काढला.

"ठेव ते," अण्णा म्हणाले. "सतरा नंबरचा पाना दे इकडं."