पाचवी आज्ञा

अहमदनगर,
रविवार, सायंकाळ.

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद व प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. वसईच्या ज्या मुलीशी तू विवाह ठरविला आहेस ती कॅथलिक घराण्यातली असल्यामुळे भाऊजींनी संमती नाकारली, ताई दोघांच्या मध्ये सापडून रडते आहे, आणि तू मला विचारतोस की पाचव्या आज्ञेला जागून हा विवाह मोडावा, की विवाह करून आज्ञाभंगाचा दोष आयुष्यभर माथ्यावर वागवावा. तुझ्या कैफियतीत क्रोधापेक्षा व्यथा अधिक आहे, हे पाहून मला धीर आला. कारण वडिलांचे मन दुखावल्याचे ज्याला दुःख होते, त्याच्याशी या विषयावर काही बोलता येते. म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या गणनेत जी आज्ञा पाचवी, तीच त्या मुलीच्या धर्मशिक्षणात चौथी आहे. दहा आज्ञांची विभागणी दोन पंथांनी निराळी केली, परंतु आईबापांचा मान राखण्याचे बंधन कोणीही रतिभर सैल केलेले नाही. हे आरंभीच सांगतो ते अशासाठी की, ज्या घरातून सून येणार म्हणून भाऊजींचे मन साशंक झाले आहे, त्या घरातही मुलांना हेच शिकविले जाते.

आता ही आज्ञा मुळात कोणाला दिली गेली, याचा विचार कर. शब्बाथशाळेत आपण ती बालकांकडून पाठ करवून घेतो, त्यामुळे ती बालकांसाठीच असावी अशी आपली समजूत होऊन बसते. वस्तुतः सीनाय पर्वताच्या पायथ्याशी जे उभे होते ते मिसर देशाच्या दास्यातून सुटून आलेले कर्ते, संसारी स्त्रीपुरुष होते, ज्यांच्यापुढे रानातली दीर्घ वाटचाल होती आणि ज्यांच्यासोबत थकलेली, मागे रेंगाळणारी वृद्ध माणसे होती. अशांना आईबापांचा मान राखण्यास सांगितले, त्याचा आशय हाच की या माणसांना वाटेत टाकू नका. त्यांच्या अन्नवस्त्राचा, त्यांच्या शब्दाचा आणि त्यांच्या प्रतिष्ठेचा भार आपला समजा. प्रभू येशूनेही हाच अर्थ धरला. मार्काच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय काढून पाहा: आपले धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून म्हाताऱ्या आईबापांच्या पोषणातून अंग काढून घेण्याची जी पळवाट शास्त्र्यांनी रूढ होऊ दिली होती, तिचा त्याने अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला आहे. देवाच्या नावाने केलेला दस्तऐवजदेखील आईबापांच्या हक्कास बाध आणू शकत नाही, असा तो निवाडा आहे. आणि स्वतः वधस्तंभावर असताना, प्राण कंठाशी आले असताना, त्याने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या हवाली करून तिच्या वार्धक्याची व्यवस्था लावून दिली.

परंतु ज्या पवित्र शास्त्रात ही आज्ञा आहे, त्याच शास्त्राच्या आरंभी, उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात, पुरुषाने आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहावे असेही सांगितले आहे. देवाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे मानण्याचे कारण नाही. मान ही एक गोष्ट आहे, मंजुरी ही दुसरी. बालवयात या दोन्ही एकत्र नांदतात. कर्तेपणी त्या वेगळ्या होतात, आणि तेव्हाच माणसाच्या मनातला मान खरा किती, हे कळून येते. पौलाने इफिसकरांस लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगितले खरे, पण तेथेच पुढे बापांनाही बजावले की मुलांना चिडीस आणू नका. आणि कलस्सैकरांच्या पत्रात, मुले खिन्न होतील असे त्याचे कारणही दिले. ज्या रोमन जगात कुटुंबप्रमुखाची सत्ता मुलांवर जवळजवळ अमर्याद होती, त्या जगात बापाच्या गळ्यात कर्तव्याचे जोखड अडकविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तेव्हा ख्रिस्ती कुटुंबातला मान म्हणजे रयतेने सरकारात भरावयाचा सारा नव्हे, की तो सदैव खालून वरच जावा.

मतभेद असताना मान कसा राखावा, हे शिकण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. आपल्या याच नगरात रे. नारायण वामन टिळक वावरले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला; लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ परत आल्या त्याही आपले सोवळे-ओवळे बरोबर घेऊनच, आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पावलांनी चालत येऊन. पतीला पत्नीवर हुकूम चालविण्याचा अधिकार समाजाने निर्विवाद दिलेला असताना, तो बाजूस ठेवून तिच्या विवेकबुद्धीची वाट पाहणे, हाही कुटुंबातला मानच होय. त्याची परतफेडही पाहण्यासारखी आहे. 1919 साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी टिळकांचा संताप, लहरीपणा, पैशाविषयीची बेफिकिरी, काही लपविले नाही. तरी ते वाचून टिळकांविषयीचा आदर वाढतोच. सत्य सांगूनही माणसाचा मान राखता येतो. मात्र सांगणाऱ्याच्या अंतःकरणात त्या माणसाविषयी प्रेम असावे लागते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर तुझ्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला, आणि त्या माउलीने पुढे रमाबाईंना विद्या दिली. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप पाठोपाठ गेले. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी मिळेनात. कशीबशी दोन माणसे पुढे आली, तेव्हा तिरडीची एक बाजू या मुलीने धरली, आणि उंची कमी असल्यामुळे ती तिला खांद्यावर न घेता डोक्यावर वाहावी लागली. याच रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आईबापांच्या श्रद्धेपासून एवढी दूरची वाट धरणाऱ्या या विदुषीने 1887 साली अमेरिकेत हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो कोणाला अर्पण केला? आपल्या हिंदू आईच्या स्मृतीला. आईचा धर्म त्यांनी सोडला, आईचे ऋण सोडले नाही. तू तर पंथाचेच अंतर ओलांडतो आहेस. प्रभू तोच, शुभवर्तमान तेच.

घरातलीही एक गोष्ट सांगतो. आमच्या वडिलांची दृष्टी गेल्यावरही सायंकाळच्या कौटुंबिक उपासनेत स्तोत्र तेच म्हणत, तोंडपाठ. उतारवयात मधलेच एखादे वचन निसटू लागले. तेव्हा शेजारी पुस्तक उघडून बसलेली ताई, म्हणजे तुझी आई, त्यांची चूक कधीही दाखवीत नसे; सर्वांबरोबर म्हणता म्हणता ती निसटलेल्या वचनाचा पहिला शब्द किंचित मोठ्याने उच्चारी, आणि वडील तो धरून पुढे जात. पाहुणेमंडळींना वाटे की म्हातारबुवांची स्मरणशक्ती शाबूत आहे. मान राखणे म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली शिकवण मला कोणत्याही उपदेशातून मिळालेली नाही.

आता तुला काय करावयाचे ते स्पष्ट सांगतो. मंडळीत विवाहाची घोषणा होण्यापूर्वी स्वतः घरी जा. वडिलांना ही बातमी पाळकांकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळता कामा नये. आपली बाजू मांडण्याआधी त्यांना भीती कशाची वाटते ते विचार. नातवंडांचा बाप्तिस्मा कोणत्या देवळात होणार, तुझे नाव आपल्या मंडळीच्या वहीत राहणार की नाही, सणासुदीला मुले कोठे जाणार, हे प्रश्न पोरकट नाहीत. त्यांची उत्तरे तुम्ही दोघांनी आधी ठरवून न्या. मिशनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म घालविला, त्या निष्ठेला मतलबी हट्ट म्हणू नकोस. ते कठोर बोलले तर ते बोल मित्रमंडळींत पसरवू नकोस. नोहाच्या ज्या पुत्रांनी पाठमोरे चालत जाऊन बापाची लाज झाकली, त्यांना आशीर्वाद मिळाला.

आणखी एक, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे आईबापांच्या सेवेचे श्रेय मुलाच्या खात्यावर आणि श्रम सुनेच्या खात्यावर मांडण्याची जुनी वहिवाट आहे. मुलगा उपासनेला बापाशेजारी बसून श्रावणबाळ म्हणवून घेतो. पथ्यपाणी, औषध, रात्रीचे उठणे हे सारे सून करते, आणि बोलणीही तीच खाते. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना पत्नीचा मान राखण्यास सांगितले, आणि तो न राखल्यास तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल असा इशारा दिला. तेव्हा तुझ्या आईबापांची सेवा तू कर, तिच्या आईबापांचीही कर, आणि भाऊजींचा राग शमविण्यासाठी त्या मुलीला पुढे ढकलू नकोस.

इतके करूनही ते नाही म्हणाले, तर विवाह कर. माझा आशीर्वाद आहे. परंतु ताईच्या औषधाचे पैसे, भाऊजींच्या पेन्शनीचे कागद, दर आठवड्याचे पत्र, यांत खंड पडू देऊ नकोस. उत्तर न आले तरी लिहीत राहा. या आज्ञेला समोरच्याच्या उत्तराची अट घातलेली नाही.

भाऊजींना मी स्वतंत्र पत्र लिहीत आहे. ते मला वडील आहेत, म्हणून कलस्सैकरांतले ते वचन त्यांच्यापुढे विनंतीच्या रूपानेच ठेवीन. ते पत्र तुला दाखविणार नाही आणि तुझे त्यांना दाखविणार नाही. एकाच्या मनातले दुसऱ्यापुढे उघडे करून समेट होत नसतो. तुम्ही दोघांनी समोरासमोर बसावे, एवढाच माझा दोघांनाही आग्रह राहील.

तुझा,
मामा