पदकाच्या कडेवरचा नंबर

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. या भागात सैन्यात माणूस नाही असं घर शोधावं लागतं. अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमच्या चावडीच्या भिंतीतही त्या काळची एक इंग्रजी पाटी आहे. गावातून किती जण युद्धावर गेले आणि किती परत आले नाहीत, एवढंच तिच्यावर लिहिलं आहे. नाव एकाचंही नाही. दुसऱ्या महायुद्धाची तर पाटीसुद्धा नाही.

ग्रामसभेत एकदा ठराव झाला की दोन्ही युद्धांतल्या माणसांची नावं कोरून फरशी बसवायची. नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त शिक्षिका, हाताशी वेळ होता, आणि आमच्या घरातलाही एक माणूस त्यात होता. कुठे अडलं आणि कशाने सुटलं ते सांगते. हे काम बऱ्याच गावांत राहून गेलं आहे.

आधी घरचं सांगते. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. ते १९४१ साली गेले. ‘आफ्रिकेत गेले’ यापलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्रांवर गावाचं नाव नसायचं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असायचा. मजकुरातही ठिकाण लिहायची बंदी. त्यामुळे पत्र यायचं, पण माणूस कुठे आहे ते कळायचं नाही.

तार आली ती इंग्रजीत. आजोबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. ते ती घेऊन शाळेच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी दोनदा वाचली आणि स्वतःच घरी आले. थोरल्या आजीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, संध्याकाळपर्यंत कुणी सांगितलं नाही. सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आता मनिआर्डर येनार का न्हाई?”

या एका वाक्यावरून तिला जन्मभर बोल लावले गेले. नवरा गेला आणि हिला पैशाची पडली, असं बायका बोलायच्या. मी लहानपणी ते ऐकलं आहे आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. घरची एक पट्टी सावकाराकडे गहाण होती आणि त्याचा हप्ता दर महिन्याच्या मनिऑर्डरीतून जात होता, हे मला फार नंतर कळलं.

पुढे तिला पेन्शन लागली. ती आणायला तिला तालुक्याला जावं लागे. बरोबर हयातीचा दाखला न्यायचा, अंगठा द्यायचा, पैसे मोजून कनवटीला लावायचे. ते दिवस टंचाईचे होते. रॉकेल मोजून मिळायचं, कापड कंट्रोलचं. सुटी नाणी मिळेनात. १९४३ मध्ये सरकारने मधे भोक असलेला पैसा काढला. थोरली आजी ते पैसे दोऱ्यात ओवून ठेवायची.

त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. आजोबा रात्री भूमिगतांना भाकरी पोचवायचे. भाकरी भाजायची थोरली आजी. दीर पकडला गेला तर आपली पेन्शन बंद होईल, ही भीती तिच्या मनात सतत होती. तरी तिने भाकरी कधी नाकारली नाही. सरकारची पेन्शन आणि सरकारशी लढणाऱ्यांचं जेवण, दोन्ही एकाच चुलीवर चाललं होतं.

गहाण पट्टी तिच्या पैशातून सुटली. हे मला जुन्या फेरफारातून आणि एका पावतीवरून कळलं. पण जमीन लागली माझ्या आजोबांच्या नावावर, कारण घरात पुरुष तेच उरले होते. तिचं नाव सातबाऱ्यावर कधी आलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. १९९३ साली ती गेली. पुढे ती पट्टी माझ्या वडिलांकडे आली आणि त्यातला हिस्सा मलाही मिळाला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

आता शोधाचं सांगते. नावं शोधायला आधी एका सरकारी कार्यालयात गेले. तिथे या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं आणि शेवटी ‘नंबर आणा’ म्हणाले. नाव आहे, गाव आहे, पलटण ठाऊक आहे, तरी नंबरशिवाय काम होईना. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एकेका पलटणीत एकाच नावाचे कितीतरी शिपाई असायचे. पण नंबर कुठे मिळेल, ते कुणी सांगेना.

ते सांगितलं शेजारच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांनी. ते घरी आले आणि म्हणाले, “बाई, पदकं हायत का घरात?” होती. वडिलांच्या ट्रंकेत एका फडक्यात बांधलेली तीन पदकं होती. दोन चांदणीच्या आकाराची आणि एक गोल. पणजोबांचं पहिल्या युद्धातलं पदक चांदीचं होतं, ते आत्याच्या लग्नात वितळलं. ही तीन सोनाराने परत केली, कारण त्यांत चांदी नव्हती. म्हणून ती राहिली.

सुभेदारांनी गोल पदक उभं धरलं आणि मला भिंग आणायला सांगितलं. पदकाच्या कडेवर, नाण्याला दाते असतात त्या जागी, बारीक ठोकलेली इंग्रजी अक्षरं होती. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटणीची आद्याक्षरं. चांदण्यांच्या पाठीवरही तेच. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नावं नव्हती, पण हिंदी सैन्याला दिलेल्यांवर होती. इतकी वर्षं नंबर घरातच होता. दर दसऱ्याला पदकं चिंचेने घासून लख्ख केल्यामुळे दोन अक्षरं जवळजवळ गेली होती. कडेवर उजेड तिरका पाडला तेव्हा ती वाचता आली.

नंबर मिळाल्यावर पुढचं काम सोपं झालं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नोंद ती ठेवते. १९१७ पासून तिचं काम चालू आहे. पुण्याला खडकीची युद्धस्मशानभूमी तीच सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर नाव शोधायला पैसे लागत नाहीत. भाचीने मोबाइलवर नंबर टाकला आणि नोंद समोर आली. आडनावामुळे ती आधी सापडत नव्हती. आम्ही पवार हे आडनाव इंग्रजीत ‘पी’नंतर ‘ए’ लावून शोधत होतो, कारकुनाने ‘ओ’ लावला होता.

नोंदीत तारीख होती १५ मार्च १९४१. ठिकाण केरन, इरिट्रिया. तेव्हा ती इटलीची वसाहत होती. केरनभोवती उघड्या खडकाचे उंच डोंगर आहेत आणि इटालियन सैन्य माथ्यावर होतं. लढाई फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून चालली होती. १५ मार्चला मराठ्यांच्या दुसऱ्या बटालियनने ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी खालून चढून घेतली. २७ मार्चला केरन पडलं. थोरले आजोबा त्या टेकडीच्या दिवशीच गेले.

पण मला जास्त लागलं ते पुढच्या ओळीचं. त्यांचं नाव केरनच्या ‘क्रिमेशन मेमोरियल’वर आहे. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला, त्यांचं ते स्मारक. थोरली आजी दर सर्वपित्रीला पान वाढताना एकच विचारायची, “त्यांस्नी अग्नी तरी मिळाला आसंल का गं?” त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. उत्तर लिहून ठेवलेलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. मी त्या रात्री जेवले नाही.

नोंदीच्या शेवटी त्यांच्या वडिलांचं नाव होतं आणि त्यापुढे ‘यांचे पती’ असं लिहून थोरल्या आजीचं नाव होतं. स्पेलिंग वेडंवाकडं, पण नाव तिचंच. ज्या जमिनीचं कर्ज तिने फेडलं तिच्या कागदावर ती नाही. पण लढाईच्या नोंदीत आहे.

गावातल्या बाकीच्या नावांसाठी मग मी ठरावीक पद्धत लावली. संकेतस्थळावर ‘अधिक माहिती’चा रकाना असतो. त्यात गावाचं नाव टाकलं की त्या गावच्या नोंदी निघतात. मात्र गावाचं स्पेलिंग पाच-सहा प्रकारे करून पाहावं लागतं. जिल्हा जुना टाकायचा. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. रायगडचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. सिंधुदुर्ग त्याच वर्षापर्यंत रत्नागिरीत होता. हे ध्यानात न घेतल्याने कितीतरी लोक ‘आमच्या माणसाची नोंदच नाही’ म्हणून सोडून देतात.

आमच्या गावचे पहिल्या युद्धातले बहुतेक जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. ज्यांच्या कबरी सापडत नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक आहे. तिथे साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरली नव्हती. पलटणीचं नाव आणि किती गेले त्याचा आकडा, एवढंच. म्हणजे चावडीवरही आकडा आणि बसऱ्यालाही आकडा. मेलेल्यांची नोंद ठेवताना भेदभाव झाला, हे कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केलं. निदान १,१६,००० जणांची नावं कुठल्याच स्मारकावर नाहीत आणि त्यांत पूर्व आफ्रिकेतली आणि इजिप्तची माणसंच अधिक आहेत, असं त्यात म्हटलं आहे.

ज्यांची नोंद मिळाली नाही त्यांच्यासाठी घरचे आणि गावचे कागद कामाला आले. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहिलं, तिथे पूर्ण नाव आणि जन्मतारीख मिळाली. तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार पाहिले. माणूस गेला की वारसाची नोंद होते आणि तिथे कधी कधी ‘लढाईत मयत’ असं लिहिलेलं असतं. काही नोंदी मोडीत होत्या. त्या वाचायला साताऱ्याचे एक जाणकार मदतीला आले, त्यांनी पैसे घेतले नाहीत.

नावं जमल्यावर वाद सुरू झाले. पहिल्या कच्च्या यादीत बौद्धवाड्यातलं एकही नाव नव्हतं. पहिल्या युद्धात १११ वी महार पलटण होती. ती १९२१ मध्ये मोडली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. हे कुणी विचारातच घेतलं नव्हतं. तिथे गेल्यावर कळलं की त्यांचे कागद आमच्यापेक्षा नीट जपलेले आहेत. दुसरा वाद खेचरवाले आणि स्वयंपाकी यांच्यावरून झाला. ते लढले कुठे, असं काही जण म्हणाले. कमिशनच्या नोंदीत त्यांनाही जागा आहे, हे दाखवल्यावर तो वाद मिटला.

तिसरा वाद माझ्यामुळे झाला. प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात बायकोचं नाव घालायचं, लग्न झालं नसेल तर आईचं, असं मी सुचवलं. स्मारक जवानांचं आहे, घरच्यांचं नाही, असं उत्तर आलं. मी कमिशनच्या नोंदीची प्रत ग्रामसभेत फिरवली. तिकडच्या लोकांनी त्या काळात बायकोचं नाव लिहिलं, मग आपल्याला काय अडचण आहे, असं विचारलं. ठराव झाला.

मग घरोघरी विचारायला गेले. जवानाचं नाव, पलटण, कुठे गेला, ही माहिती पणतवंडं सांगत होती. बायकोचं नाव विचारलं की घर गप्प व्हायचं. काही घरांत तिचं नाव कुणालाच आठवलं नाही. तिथे फरशीवर जागा मोकळी सोडली आहे. या लेखात मी कुणाचंच नाव घातलं नाही. ती त्या फरशीवर आहेत, गावात आलात तर वाचा.

एक साधी सूचना. फरशी कोरायला देताना मजकूर टाइप करून द्या आणि कोरण्याआधी कारागिराने कागदावर आखलेलं डोळ्यांखालून घाला. आमच्याकडे दोन नावांच्या वेलांट्या तिथेच सापडल्या. देणगीदारांची नावं त्याच फरशीवर घालू नका, ती पुढे मोठी होत जातात.

तुमच्या घरात पदक असेल तर ते घासू नका. उजेडात तिरकं धरून कडेवरचा नंबर वहीत उतरवा. कमिशनच्या नोंदीत चूक दिसली तर पुरावा जोडून कळवता येतं. आणि घरात एखादं म्हातारं माणूस अजून असेल तर त्या जवानाच्या बायकोचं नाव, माहेर आणि तिने घर कसं चालवलं, हे आजच विचारून लिहून ठेवा. नंबर धातूवर आहे, तो राहील. हे मात्र माणसाबरोबर जातं.